धर आणि धरा

१

घेरमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. उभा जन्म झाडांचे घेर मोजण्यात गेला म्हणून नाव पडलं घेरमामा, आणि पुढे पोट सुटलं तेव्हा ते नाव दोन्ही अर्थांनी शोभायला लागलं. एखाद्या मोकळ्या जागेवर राहत्या इमारती उठवायच्या ठरल्या, की खोदणाऱ्या यंत्रांच्या आधी मामा तिथे जात. कुठलं झाड राखायचं, कुठलं हलवायचं, कुठलं पाडायचं, हे त्याच्या घेरावरून ठरतं. घेर चुकला की मोजणारा कामातून गेला.

काम दिसायला सोपं. बारक्या झाडाला एक माणूस पुरतो, थोराड झाडाला दोन लागतात. मामा पुढे उभे राहून टेपची दोन्ही टोकं हातात घेत, आणि जोडीदार झाडामागे जाऊन ती टेप छातीच्या उंचीवर खोडाला दाबून धरी. नाहीतर मागच्या मागे ती घसरते. मामांनी म्हणायचं, "धर." मागून यायचं, "धरलं." आकडा वाचून झाला की मामांनी म्हणायचं, "सोड." संपलं. मधे खोड असल्याने दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, सगळा कारभार आवाजावर. जुन्या जोडीदाराबरोबर मामांनी अख्खी हयात या दोन शब्दांवर काढली. मग त्याचे गुडघे गेले, आणि मामांच्या लेकीने त्या जागी आपल्या नवऱ्याला उभं केलं.

"बाबा, यांना सांभाळून घ्या हं," ती म्हणाली होती. "शेवटची संधी आहे असं समजा."

"समजायचं काय त्यात? आहेच शेवटची."

जावयाने आधीची तीन कामं सोडलेली. भाडं परवडेना म्हणून दोघं मामांकडेच राहायला आली होती. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, मामांचा दशमग्रह तर त्यांच्याच पंख्याखाली मुक्कामाला! आणि मामांचा स्वभाव मुळात संशयी. दुकानदार हसून बोलला, की हे दाराबाहेर जाऊन पिशवी उघडून बघणार. जावयाच्या गोड बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण तोंडाने चुकूनही अरे-तुरे नाही. बसा जावईबापू, जेवा जावईबापू. मान असा चोख, की त्यात माया शिरायला फट नाही.

२

जागा होती एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगार वसाहतीची. घरं पाडून झाली होती, जोती तेवढी शिल्लक होती. दारं गेली, माणसं गेली, पण जोत्याजोत्यापुढे झाड आपलं उभंच. एका कोपऱ्यात कंपनीचं ऑफिस, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन लोखंडी पेट्या. वरच्या पेटीच्या खिडकीत सेफ्टीवाल्या बाई बसत आणि कोणी हेल्मेट काढलं की तिथूनच ओरडत.

पहिल्याच थोराड झाडाला जावई टेप घेऊन पलीकडे गेला.

"धर."

"धरलं."

मामांनी चष्मा चढवला आणि थबकले. त्यांच्या छातीपासून निघालेली टेप दोन्ही अंगांनी उतरत उतरत मागे गेली होती, थेट घोट्यापर्यंत.

"अहो, झाड मोजतोय आपण, जमीन नाही! वर!"

टेप वर सरकली. बोटभर.

"अजून वर!"

आणखी बोटभर. मामांचं डोकं सणकलं. नक्कीच हा गडी पलीकडे पाय पसरून बसलाय, एका हातात फोन आणि दुसऱ्याने टेप धरल्यासारखी करतोय. आणि नुसतं 'धरलं' काय? एरवी प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'मामा' लावायचा, इथे आल्याबरोबर ते पण गळालं?

"राहू द्या. सोडा, जावईबापू."

टेप सुटली नाही. मामांनी झटका दिला तेव्हा कुठे ती हातात आली, तीसुद्धा कुरकुरत. जावई खोडाच्या दुसऱ्या अंगाने बाहेर आला. दोन्ही हात खिशात, चेहरा उतरलेला.

"बसला होतात ना?"

"नाही मामा. उभाच होतो."

ही तर कमालच झाली! पँटला माती नव्हती हे मामांनी पाहिलं. पण झटकली असेल, त्यात काय.

पुढच्या झाडांशीही तेच. मामा 'वर, वर' म्हणून घसा कोरडा करीत आणि टेप बोटभर चढे. दुपारपर्यंत ती पोटरीला आली होती.

३

"बाबा, तुम्हाला स्वतःच्या सावलीचासुद्धा संशय येतो," लेक म्हणाली. जेवणं चालली होती. तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं, त्यामुळे ती टेबलापासून लांब बसून वाकून जेवत असे.

"सावली तरी वेळेवर हजर असते," मामा म्हणाले.

जावई आत हात धूत होता. मघापासून नळ चालू होता. लेकीने दोनदा हाक मारली तेव्हा तो बाहेर आला आणि पानावर बसला, पण घास उचलेना.

"मामा, उद्या आकडा मी वाचू का? तुम्ही मागे..."

"वा! म्हणजे काटेकुट्यांत मी आणि सावलीत तुम्ही! सोय छान बघितलीत."

"तसं नाही मामा. मागे..."

"मागे काय?"

जावयाने लेकीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "काही नाही," तो म्हणाला.

मामांनी मनात नोंद केली. काही नाही म्हणणारा माणूस, म्हणजे काहीतरी असलेला माणूस. बोलताना हा डोळ्याला डोळा का देत नाही?

लेक मात्र रागावली. "तुम्ही त्यांना धड बोलूही देत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, ते तुमच्याकडे बघूनच म्हणत असतील." बोलता बोलता तिने डोळे टिपले. मामांना ते लागलं. आई गेल्यापासून या पोरीला त्यांनी एकट्याने वाढवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना काही सुचत नसे. पण म्हणूनच तर! या पोरीला कोणी फसवू नये, एवढंच तर त्यांना हवं होतं.

४

दुसऱ्या दिवशी टेप गुडघ्याशी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी मांडीशी. मामा ओरडत होते आणि सुधारणा होत होती. मंदबुद्धी शिष्यासारखी, पण होत होती. त्याचं त्यांना जरा समाधानही वाटायला लागलं होतं. मग पाणी प्यायला ते ऑफिसशी गेले, तर वरून बाई कडाडल्या.

"अहो मोजणीवाले! तुमच्या तिसऱ्या माणसाला हेल्मेट कधी देणार?"

"तिसरा कोण? आम्ही दोघंच आहोत."

"मला काय इथून दिसत नाही? एक तुम्ही. एक तो उंच, डोळे मिटून उभा असतो तो. आणि झाडाला चिकटून बसलेला असतो तो कोण? आज जरा वाकून उभा होता म्हणा. पण हेल्मेट नाही ते नाहीच."

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! म्हणजे पोट-कंत्राट! जावईबापूंनी आपल्या जागी कोणीतरी उडाणटप्पू दोस्त आणून बसवलाय. टेप तो धरतो, 'धरलं' तो म्हणतो, म्हणून तर 'मामा' नाही! खोडाआडून येणारे आवाज सगळे सारखेच, कोण ओळखणार? आणि आमचे साहेब बाजूला उभ्या उभ्या डुलक्या काढतात. मामांना एवढा आनंद झाला, की पाणी प्यायचं राहून गेलं.

परत येताना त्यांनी रांगेतल्या झाडांच्या मागून एक फेरी मारली. कोणी नव्हतं. जोती कोरडी, गवत उभं, कुठे लपायला आडोसा नाही. पण एकेका खोडाच्या मागच्या बाजूला, बुंध्याशी, साल घासून गुळगुळीत झाली होती. कोणीतरी बराच वेळ तिथे पाठ टेकून बसावं तशी. आणि गवत मात्र तुडवलेलं नव्हतं. हे काही मामांना जमेना. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं. आधी चोर पकडू, मग त्याची पावलं शोधू.

५

सापळा साधा होता. झाडांवर आकडे टाकायला मामांकडे लाल ऑइलपेंट असे. तो डबा आणि ब्रश ते कोणाच्या हातात देत नसत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टेपचा मधला भाग, जो झाडामागे जातो, त्याला पाठच्या बाजूने रंगाचा पातळ हात मारला. जो धरील त्याचे हात रंगतील, आणि ऑइलपेंट काही पाण्याने जात नाही.

"धर."

"धरलं."

टेप आज कमरेच्याही वर होती. मामांनी आकडा वाचला, "सोडा, जावईबापू" म्हटलं, टेप हिसकून घेतली आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने झाडाला वळसा घालून पलीकडे गेले.

जावई एकटाच उभा होता. डोळे मिटलेले.

"हात दाखवा."

त्याने दाखवले. दोन्ही तळवे स्वच्छ. टेपवरचा रंग मात्र दोन जागी पुसला गेला होता. दोन मुठींएवढ्या जागी.

"कुठे गेला तो?" मामा गरजले. "तुमचा दोस्त! बोला आता. लाज नाही वाटत?"

जावई मटकन जोत्यावर बसला. आणि रडायलाच लागला. मोठा माणूस असा हुंदके देऊन रडताना मामांनी पाहिला नव्हता.

"मी धरतच नाही मामा. पहिल्या दिवसापासून धरलेली नाही. तुम्ही 'धर' म्हणता, आणि मी हात पुढे करायच्या आत टेप खोडाला घट्ट लागलेली असते. मग आवाज येतो, 'धरलं'. आधी माझ्या पायाशी यायचा. आज खांद्याशी आला."

"कोण आहे?"

"मी बघत नाही. डोळे मिटून उभा राहतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चौथं काम सोडायला निमित्त शोधलं, असं म्हणाला नसतात तुम्ही?"

अगदी तस्संच म्हणाले असते मामा.

"एक विचारू मामा?" जावयाने डोळे पुसले. "तुम्ही 'धर' कुणाला म्हणता? मला तर लग्नापासून कधी अरे म्हटलं नाहीत. जेवायला 'बसा', पाणी 'घ्या'. आणि इथे एकदम 'धर'. पहिल्या दिवशी मला इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, आज आपण घरचे झालो. मग शेवटी तुम्ही म्हणालात, 'सोडा, जावईबापू'. तेव्हा कळलं, ते 'धर' मला नव्हतंच."

खरंच की. कामाच्या नादात जिभेवर जुन्या जोडीदाराची सवय, म्हणून 'धर'. आणि आकडा वाचून झाला, की मागे जावई आहे याचं भान यायचं, म्हणून 'सोडा'. म्हणजे धरायला सांगितलं एकाला, आणि सोडायला दुसऱ्याला. 'धर' ऐकून ज्याने धरलं होतं, त्याला 'सोड' कोणी म्हटलंच नव्हतं. आणि मधल्या सगळ्या दिवसांत त्याला ते बजावत काय होते? तर वर, वर, अजून वर.

संशयी माणसाचा संशय फिटतो तेव्हा त्याला हायसं वाटायला हवं. मामांना जावयाची दया आली, स्वतःची शरम वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली नुसती भीती.

६

"चला घरी," जावई म्हणाला. "उरलेलं काम दुसऱ्याला देऊ."

एकच झाड उरलं होतं, रांगेच्या टोकाचा जुना शिरीष. चौघांच्या कवेत न मावणारा. मामांनाही निघून जावंसं वाटत होतं. पण इथे उद्या घरं उठणार, माणसं राहायला येणार, कोणीतरी सहज खिडकीतून कोणाला म्हणेल, 'धर रे'. आपण बोललेला शब्द आपणच परत घ्यायचा, एवढं त्यांना कळत होतं. बाकी हे सगळं थोतांड असेल, उन्हाचा चटका असेल, तर बरंच. एक 'सोड' जास्त म्हटल्याने कोणाचं काय जातं?

"तुम्ही इथे माझ्या शेजारी थांबा," ते म्हणाले. त्यांनी टेपचा फास शिरीषाभोवती टाकला आणि दोन्ही टोकं हातात घेतली. पलीकडे कोणी नव्हतं. जावई हाताच्या अंतरावर उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"धर."

टेप ताणली गेली. अगदी सरळ, छातीच्या बरोबर उंचीवर. इतका नेमका घेर मामांना उभ्या आयुष्यात कोणी धरून दिला नव्हता.

"धरलं," मागून आवाज आला.

'सोड' हा केवढासा शब्द, पण तो ओठांवर येईना. आणि तेवढ्यात जावयाच्या चेहऱ्यावर काहीतरी पालटलं. इतके दिवस मिटलेले डोळे, खाल्लेल्या शिव्या, सगळं एकदम वर आलं असावं. "बघतोच आता कोण आहे ते," तो म्हणाला आणि तरातरा झाडामागे गेला.

"जावईबापू! सोडा! सोडा ते!"

'सोडा' म्हणतोय कोणाला आपण? चूक त्यांची त्यांनाच कळली. खोडाच्या कडेवर, जावई वळला त्याच बाजूला, चार बोटं आली. नखांत लाल रंग वाळून बसलेला. बोटांनी साल चाचपली, जणू दाराची कडी शोधताहेत, आणि मग ती मागे गेली. घाईने नाही.

"सोड!" मामा किंचाळले. "सोड रे! सोड!"

टेप गळून पडली.

पाखरू ओरडलं नाही, पान हललं नाही. मामांना पुढे व्हायचं होतं, पण पाय उचलेनात.

"जावईबापू?"

बराच वेळ गेला. मग झाडाच्या दुसऱ्या अंगाने जावई बाहेर आला. हात कोरड्या मातीने चोळत होता, कोपरापर्यंत. रंग लागला असता तरी दिसला नसता.

"कोण होतं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, नवा शब्द तोंडात घोळवून बघावा तसा, म्हणाला, "मामा."

७

आता जावयात खोट काढायला जागा उरली नव्हती. कामाला वेळेवर, घरात हसतमुख. जरा विचित्र म्हणाल तर एवढंच, की हातात घेतलेली वस्तू तो खाली ठेवायला विसरे. पाणी पिऊन झालं तरी पेला हातात. लेक हसून त्याची बोटं एकेक करून सोडवी.

"आधी चारचौघांत हात धरायची लाज वाटायची यांना," ती मामांना लाजत लाजत सांगे. "आता सोडतच नाहीत!"

मामा रोज स्वतःची समजूत घालत. माणूस घाबरला होता, बदलला. नोकरी टिकली, जबाबदारी कळली. तूच मेल्या जन्माचा संशयी, एकदा तोंडघशी पडलास तरी शहाणा होत नाहीस. रात्रीपर्यंत समजूत पटे. सकाळी जावई समोर येऊन बसला, की पाचावर धारण बसे. तो डोळ्याला डोळा द्यायचा आता. पापणी न हलवता.

लेकीला त्यांनी एकदाच सांगायचा प्रयत्न केला. पुरतं वाक्य होऊ दिलं नाही तिने.

"आधी म्हणे ते कामचुकार. मग म्हणे दोस्ताला आणून बसवलं. आणि आता हे? बाबा, किती छळाल त्यांना?"

कोणत्या तोंडाने बोलणार? खऱ्या माणसावर त्यांनी सगळा संशय उधळून टाकला होता. आता खरी गरज होती, तेव्हा गाठीला काही उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने तिघांचा चहा टेबलावर ठेवला आणि बसली. जावयाने तिचा हात हातात घेतला.

"बाबा, आज सोक्षमोक्ष लावायचाय. बाळ यायच्या आत या घरातलं हे 'जावईबापू, जावईबापू' बंद झालं पाहिजे. कोर्टात बोलल्यासारखं काय बोलता? आपल्या मुलाला म्हणाल तसं एकदा 'अरे' म्हणा यांना. एवढं नाही जमलं, तर आम्ही दोघं उद्या दुसरं घर बघतो. आणि मी परत येणार नाही."

ती ऐकणारी पोर नव्हती, मामांचीच लेक होती. गेली असती. या हातात हात देऊन, या पोटासकट, कुठे दूर, जिथे मामांची हाकसुद्धा पोचणार नाही.

आणि 'अरे' म्हटलं तर? त्या हाकेला ओ देणारा कोण असेल? जिभेवर तर दुसराच शब्द येत होता. सोड. सोड तिला. पण समोरचा खरोखरच जावई असला, तर त्या शब्दाने पोरीचा संसार मोडायचा. आणि नसला तर? एकदा 'सोड' म्हटल्यावर टेप सुटली होती खरी. जावई सुटला होता का, हे मामांना आजवर कळलेलं नव्हतं.

"चहा घ्या," ते कसेबसे म्हणाले. "निवतोय. घ्या, जावईबापू."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. असं पाहणं त्यांनी तिच्या लहानपणापासून कधी ओढवून घेतलं नव्हतं. "दगड आहात तुम्ही," ती म्हणाली, नवऱ्याच्या बोटांतून आपली बोटं सोडवून घेतली आणि डोळे पुसत आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅग ओढल्याचा.

टेबलाशी दोघंच उरले. तो चहाला हात लावत नव्हता. पुढे वाकला, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अगदी लाडाने म्हणाला,

"म्हणा ना, मामा. एकदाच."